टॉवेलखालचं कुलूप

तात्यांनी आपला आवाज काढून डब्यात ठेवला, त्याला आज अकरावा दिवस होता.

डबा बिस्किटांचा. पूर्वी त्यात सुईदोरा असायचा. आता त्यात होती एक कातडीच्या रंगाची पट्टी आणि काडेपेटीएवढी एक डबी. प्रणितानं चहाचा कप समोर ठेवला आणि रोजच्यासारखं विचारलं, "तात्या, आज तरी लावता का?"

तात्यांनी डब्याच्या झाकणावर बोटानं दोनदा टकटक केलं. म्हणजे नाही. मग बशीत चहा ओतला आणि फुर्र आवाज करत प्यायले. तेवढाच काय तो त्यांचा आवाज उरला होता.

म्हाळाप्पा बंडगर हे तात्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण आटपाडीपासून जतपर्यंत ज्यानं कधी खिल्लार बैल घेतला किंवा विकला, त्यानं ऐकलंच असणार. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. तंबाखू गालात धरून बोलले, आणि त्याच तंबाखूनं शेवटी घसा खाल्ला. तीन वर्षांपूर्वी मिरजेत ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं. माणूस वाचला, आवाज गेला.

पण लेक प्रणिता हुशार. ऑपरेशनच्या आधी तिनं चार दिवस बापाला माइकसमोर बसवून बोलतं केलं. तात्यांनी बैलांची वर्णनं केली, पाऊसपाण्याच्या गप्पा हाणल्या आणि ज्यांच्याशी जुनी भांडणं होती त्या सगळ्यांना एकेक करून शिव्या घातल्या. त्या चार दिवसांच्या बोलण्यातून त्यांचा आवाज कंठपट्टीत उतरला. पट्टी गळ्याला चिकटवायची. स्वरयंत्र नसलं तरी बोलू पाहणाऱ्याच्या गळ्याचे, जिभेचे स्नायू हलतातच. पट्टी ती हालचाल टिपून खिशातल्या डबीकडे रेडिओनं पाठवते आणि डबी ती त्या माणसाच्या जुन्या आवाजात बोलून दाखवते. तात्यांच्या खिशातून तात्या बोलायचे. पहिल्या दिवशी शेजारची मंडळी बघायला जमली, तेव्हा खिसा म्हणाला, "काय बघताय? बैल हाय व्हय मी?"

ही पट्टी महाग असती तर ही गोष्टच घडली नसती. ती बनवायचा मिरजेतला इम्तियाज सतारमेकर. त्याच्या घराण्यात सात पिढ्या तंबोरे झाले. यानं भोपळे सोडून माणसांचे गळे धरले. पट्टीची किंमत चपलेच्या जोडाएवढी, कारण तिच्यातलं सॉफ्टवेअर मुक्त होतं. म्हणजे कुणीही घ्यावं, वाचावं, सुधारावं आणि दुसऱ्याला द्यावं. ते सॉफ्टवेअर सांभाळायची प्रणिता. जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेलं 'भांडार' नावाचं एक कोठार होतं. त्यात अशा सॉफ्टवेअरची हजारो पॅकेजं ठेवलेली, आणि प्रत्येक पॅकेजला एक राखणदार. कंठपट्टीची राखणदार प्रणिता. अकरा हजार माणसं तिच्या पॅकेजमधून बोलत होती.

आणि बारा दिवसांपूर्वी त्यातल्या एकाच्या तोंडी दुसऱ्यानंच शब्द घातले होते.

*

झालं असं. वांगरवाडीच्या बाजारात तात्या भगवान हिप्परकरचा खोंड विकून देत होते. बैलाचा भाव बाजारात कुणी मोठ्यानं बोलत नाही. हातावर टॉवेल टाकायचा आणि टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, चार म्हणजे चार, अख्खा पंजा म्हणजे पाच. पन्नास माणसं भोवती उभी असतात, पण भाव कळतो फक्त दोघांना. शेवटी पंजा दोनदा दाबला की सौदा पक्का.

तात्यांचा हात टॉवेलखाली होता. गिऱ्हाईक जवळजवळ वळलं होतं. आणि एकाएकी खिशातून तात्यांचाच आवाज खणखणीत बोलला, "ह्यो खोंड मारका हाय. मालकानं लपवलंय आन् म्याबी."

तात्या दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत राहिले. पण खिसा बोलतोय आणि माणूस हात हलवतोय, यात लोक कुणाचं ऐकणार? गिऱ्हाईक उठून गेलं. हिप्परकरनं भर बाजारात तात्यांची गचांडी धरली. मागून कळलं, दोन टवाळांनी मोबाइलला एक स्वस्तातलं यंत्र जोडून ही गंमत केली होती, पण बाजार ते मानेना. गंमत त्यांची झाली, इथे चाळीस वर्षांचा शब्द मातीत गेला. दलालाकडे दुसरं असतं काय? ना जमीन, ना दुकान. जनावराची खोड आधी सांगायची, मगच हात धरायचा, एवढ्या एका नेमावर तात्यांनी संसार केला होता.

हिप्परकरनं निरोप पाठवला होता. चैत्रातल्या बाजारात पंचांसमोर तात्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, खोंड मारका आहे की नाही. नाही सांगितलं तर पुन्हा या बाजारात पाय ठेवू नये. चैत्रातल्या बाजाराला आता तीन आठवडे होते.

तात्यांनी पाटीवर खडूनं लिहिलं होतं: "बिनकुलपाचं त्वांड मला नको."

प्रणितानं ते वाचलं आणि पाटी उलटी करून ठेवली. कारण तिला एक गोष्ट माहीत होती, जी तात्यांना माहीत नव्हती. त्या तोंडाला आधी कुलूप होतं. ते तिनंच काढलं होतं.

*

आता या कुलपाची भानगड जरा समजून घेऊ. अवघड नाही.

पट्टी आणि डबी यांच्यामधलं अंतर दोन वितींचं, पण रेडिओ काही वीत मोजून थांबत नाही. तो पन्नास फुटांवरही पकडता येतो. म्हणून दोघांनी आपापसात एक गुपित ठरवून बोलायचं असतं, आणि ते ठरवायचं तेही उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. पूर्वी यासाठी मोठमोठ्या संख्यांची जुनी गणितं वापरायचे. क्वांटम संगणकानं ती चार वर्षांपूर्वी पार फोडली. सुरुवातीला तो संगणक सरकारांकडे होता, मग भाड्यानं मिळायला लागला, आणि मग फोडलेल्या किल्ल्या बाजारात भाजीसारख्या विकायला आल्या.

नवी कुलपं आली ती धूसरपणावर चालणारी. त्यात दोन्ही बाजूंना जवळपास सारखा आकडा मिळतो, पण मुद्दाम थोडा चुकलेला. त्या चुकीमुळेच चोराला, मग त्याच्याकडे क्वांटम संगणक का असेना, माग काढता येत नाही. अडचण एवढीच की दोघांचा आकडाही नेमका जुळत नाही. समजा एकाकडे सत्तेचाळीस आणि दुसऱ्याकडे एकोणपन्नास आहेत. दोघांनी जवळचा दशक धरला तर दोघांचे पन्नास, काम झालं. पण एकाकडे चव्वेचाळीस आणि दुसऱ्याकडे सेहेचाळीस आले तर? एकाचे चाळीस होतात, दुसऱ्याचे पन्नास. मग एकानं उघड्यावर छोटा इशारा द्यायचा: मी कडेला आहे, तू वरच्या अंगाला बघ. चोरानं इशारा ऐकला तरी आकडा त्याला कळत नाही. संदेश छोटा राहतो, छोट्या चिपमध्येही मावतो. युक्ती झकास होती.

आणि त्या इशाऱ्यावर परदेशातल्या एका कंपनीचं पेटंट होतं.

कंपनीचं पत्र भांडाराला आलं. इशारा वापरायचा तर प्रत्येक यंत्रामागे भाडं भरा. भाडं तसं थोडकंच होतं. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या किती प्रती निघाल्या हे कुणालाच सांगता येत नाही. कुणीही उतरवून घेतो, दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला देतो. मोजता न येणाऱ्या गोष्टीचं भाडं भरायचं कसं? भांडाराच्या प्रती विद्यापीठांच्या संगणकांवर ठेवलेल्या असायच्या. विद्यापीठांचं धाबं दणाणलं. ती म्हणाली, पत्रातली पॅकेजं काढा, नाहीतर आम्ही अख्खं भांडार बंद करतो.

भांडाराच्या समितीची बैठक झाली. समितीच्या अध्यक्ष मीनल दाभाडे पुण्याहून स्क्रीनवर होत्या. बाई मुळात चांगल्या, पण पत्रातल्या बेचाळीस पॅकेजांचं ओझं त्यांच्या डोक्यावर. "प्रणिता, तात्पुरतं कुलूप काढून पॅकेज चालू ठेवू. निदान माणसं बोलत तरी राहतील. नाहीतर सगळंच जाईल."

ते खोटंही नव्हतं. आगीतून फुफाट्यात, पण फुफाट्यात जीव तरी राहतो. प्रणितानं विचार केला, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गप्पा चोरून कोण ऐकणार आहे? तिनं कुलूप काढलं आणि बदलांच्या यादीत लिहिलं, 'एक पर्यायी सुविधा तात्पुरती वगळली.' कुणाला कळू नये अशाच भाषेत लिहिलं. एका दुपारी अकरा हजार डब्या आपोआप नव्या झाल्या. त्यात तिच्या बापाचीही होती.

*

बाराव्या दिवशी तिनं डबा उघडला आणि तात्यांसमोर बसली.

"तात्या, त्या दिवशी तुमच्या डबीला कुलूप नव्हतं. आधी होतं. ते मी काढलं. पेटंटचं पत्र आलं होतं, समितीनं ठरवलं, पण हात माझाच होता."

तात्यांनी डबा बाजूला सारला. मग पाटी ओढली. रागानं काहीतरी लांबलचक लिहितील असं तिला वाटलं. त्यांनी चारच शब्द लिहिले.

"मला सांगितलं न्हाईस तू."

आणि तळहातानं पाटी पुसली.

तिला वाटलं होतं, कुलूप काढल्याचा राग येईल. तो आला असता तर तिला परवडलं असतं. पेटंट काय, कंपनी काय, तिनं सगळं समजावून सांगितलं असतं. पण बापानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. बाजारात त्या खोट्या आवाजानं तात्यांवर आळ घेतला होता की यानं खोड लपवली. तात्यांनी नव्हती लपवली. तिनं लपवली होती, आणि तीही अकरा हजार माणसांपासून. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि धुण्याच्या दगडावर बसून रडली.

मग डोळे पुसून आत आली आणि लॅपटॉप उघडला. या वेळी तिनं साध्या मराठीत लिहिलं:

'कंठपट्टी वापरणाऱ्या सर्वांना. तुमच्या आवाजाला सध्या कुलूप नाही. जवळ उभा असलेला माणूस तुमचं बोलणं ऐकू शकतो आणि तुमच्या तोंडी शब्दही घालू शकतो. कुलूप मी काढलं, कारण त्यातल्या एका युक्तीवर पेटंट आहे. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही ही माझी चूक. नवं कुलूप शोधते आहे. तोवर महत्त्वाचं बोलणं लिहून करा. प्रणिता बंडगर, मिरज.'

पंधरा मिनिटांत मीनलताईंचा फोन.

"तू मला विचारलंही नाहीस. लोक घाबरतील, पट्ट्या काढून टाकतील."

"काढू देत, ताई. खोड माहीत असून ज्याला घ्यायचंय त्यानं घ्यावं."

"ही कुठली भाषा?"

"आमच्या बाजारातली."

 मग मीनलताई म्हणाल्या, "पंधरा दिवस देते. पंधरा दिवसांत पेटंटबाहेरचं काही सापडलं तर आण, मी समितीशी भांडेन. नाहीतर कंठपट्टीच भांडारातून काढावी लागेल. बिनकुलपाची आहे हे जाहीर झाल्यावर ती ठेवताच येणार नाही."

म्हणजे आता नुसता तात्यांचा शब्द पणाला नव्हता. अकरा हजार गळे टांगणीला लागले होते.

संध्याकाळी तिनं तो मजकूर तात्यांना वाचून दाखवला. शेवटच्या ओळीशी त्यांनी मान वर केली. काही लिहिलं नाही. फक्त खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या हातावर टाकला आणि खाली स्वतःचा हात घातला.

लहानपणी जेवताना बापलेकीचा हा खेळ असायचा. आई वाढायला आली की टॉवेलखाली ठरायचं, कुणाला किती भाकरी. आईला कधी पत्ता लागला नाही. प्रणितानं डोळे मिटले. चार बोटं. मग दोन. मग पंजा.

"चार, दोन, पाच," ती म्हणाली. तात्यांनी मान डोलावली. पुन्हा. पुन्हा बरोबर. एक गोष्ट आता तिच्या लक्षात आली. तात्यांचा हात थरथरत होता. गेल्या वर्षीपासून चहाची बशीसुद्धा हिंदकळायची. तरी ती एकदाही चुकली नव्हती.

"तात्या, हात एवढा हलतोय, तरी मला नेमकं कसं कळतंय?"

तात्या हसले. अडाण्याला कसं सांगावं असं ते हसू. डाव्या हातानं पाटीवर वेडंवाकडं लिहिलं: "बोटाच्या मधलं कायी घ्येत न्हाई. अख्खं बोट. मग हात हालू दे कितीबी."

"आणि समजा तुमचा आकडा एक, गिऱ्हाइकाचा दुसरा, तर मधला कसा काढता? इशारा करता?"

तात्यांनी कपाळाला हात लावला. दहा मिनिटं बापानं लिहिलं, पुसलं, लिहिलं. सार एवढंच होतं: एका वेळी बोलणारा एकच. दोघांनी मिळून आकडा काढायचाच नाही. एकानं ठरवून बोट धरायचं, दुसऱ्यानं नुसतं ओळखायचं. मिळून काढायला गेलं की तोंडानं काहीतरी बोलावं लागतं, आणि तोंडानं बोललं की बाजारानं ऐकलंच.

प्रणिता टॉवेलकडे बघत राहिली. एकानं ठरवायचं, आणि बोटं लांब लांब ठेवायची. मग इशारा लागतोच कशाला?

*

"म्हणजे बघा," दुसऱ्या दिवशी ती इम्तियाजला सांगत होती. कारखान्यात एका बाजूला अर्धवट तंबोरे टांगलेले, दुसऱ्या बाजूला पट्ट्यांच्या चळती. "पट्टी आणि डबीनं मिळून आकडा काढायचा नाही. पट्टीनं एकटीनं आधीच ठरवायचं, शून्य किंवा पाचशे. तो आपल्या धूसर आकड्यात मिसळून पाठवायचा. डबीनं आपला धूसर आकडा त्यातून वजा करायचा. दोघांचे आकडे थोडे वेगळे, म्हणून उरणार तीन, नाहीतर चारशे सत्त्याण्णव. तीन म्हणजे शून्य, चारशे सत्त्याण्णव म्हणजे पाचशे. यात चूक व्हायला जागाच नाही. असं अडीचशे वेळा केलं की गुपित तयार."

"आणि हे कुणाला सुचलं नव्हतं आजवर?" इम्तियाजनं चष्मा कपाळावर चढवला.

"सुचलं होतं ना. आज सकाळीच शोधलं. जुन्या प्रबंधांत आहे, पेटंटच्या कितीतरी आधीचं, सगळ्यांसाठी खुलं. पण यात संदेश थोडा लांबतो. इशाऱ्यानं संदेश छोटा होतो, म्हणून सगळे तिकडे धावले. ही वाट तशीच पडून राहिली."

"थोडा लांबतो म्हणजे किती?"

तिनं आकडा सांगितला. इम्तियाजनं डबीतली चिप हातात घेऊन सुस्कारा टाकला. "बाई गं, या चिपमध्ये तीळ ठेवायला जागा नाही."

"काहीतरी काढावं लागेल, भाई."

त्यानं चिप परत जागेवर ठेवली. काय काढावं लागेल ते दोघांनाही ठाऊक होतं. डबी सुरू झाली की आधी तंबोऱ्याचा एक षड्ज वाजायचा. तो इम्तियाजच्या अब्बांनी लावलेल्या शेवटच्या तंबोऱ्याचा होता. अब्बा गेल्यावर त्यानं तो डबीत घातला होता, कुणाला न विचारता. अकरा हजार मुके लोक रोज सकाळी बोलण्याआधी तो ऐकायचे.

इम्तियाज उठला, एका तंबोऱ्याची तार उगाच छेडली, आणि म्हणाला, "काढ. अब्बा म्हणायचे, तंबोरा गाणाऱ्यासाठी असतो. गाणाराच गप्प बसला तर तंबोरा काय कामाचा."

पुढचे दहा दिवस दोघं कामाला जुंपली. प्रणितानं लिहायचं, इम्तियाजनं पट्टीवर चढवून बघायचं. तिनं जाहीर केलेला मजकूर वाचून लोक पट्ट्या फेकतील असं मीनलताईंना वाटलं होतं. काहींनी काढल्याही. पण उरलेल्यांकडून पत्रांचा ढीग आला. अक्कलकोटच्या एका निवृत्त तारमास्तरांनी लिहिलं, चाचणीला माझा गळा घ्या. चिपळूणच्या एका बाईंनी लिहिलं, सांगितलंत हे बरं केलंत, मी सुनेबद्दल बोलणं थांबवलंय. प्रणिता किती दिवसांनी मोठ्यानं हसली.

वकीलही त्याच ढिगातून मिळाल्या. नंदिनी पेंढारकर, पेटंटच्या कामात मुरलेल्या, त्यांचे वडील पट्टीतून बोलत. त्यांनी कंपनीचं पेटंट ओळ न ओळ वाचलं. "इथे प्रत्येक दाव्यात इशारा आहे. तुमच्या पद्धतीत इशाराच नाही. कंपनी पत्र पाठवेलही, पण पत्र पाठवणं निराळं आणि जिंकणं निराळं. मी लेखी मत देते. एक मात्र करा, पद्धत कशी बसवली ते तारखेसकट आजच जाहीर करून टाका. म्हणजे छोट्या चिपसाठी बसवलेली तुमची कलाकुसरही उद्या कुणी आपल्या नावावर करणार नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "हवं तर त्या कलाकुसरीचं पेटंट तुम्हीही घेऊ शकता. वडिलांचंही नाव घालता येईल."

प्रणितानं ते तात्यांना विचारलं. तात्यांनी पाटीवर सावकाश लिहिलं:

"टावेल माज्या आज्याचा. त्याला त्याच्या आज्यानं दिला. त्याला मी कुलूप घालू व्हय?"

मीनलताईंनी दिलेल्या पंधरापैकी तेराव्या दिवशी समितीचं मतदान झालं. मीनलताई शब्दाला जागल्या, भांडल्या. एका विद्यापीठानं लेखी मत मागितलं, ते पेंढारकरबाईंनी तासाभरात पाठवलं. दोन मतांनी कुलूप परत आलं.

*

बाजाराच्या सकाळी प्रणितानं डबा तात्यांपुढे ठेवला. तात्यांनी तो उघडला नाही. पाटीवर लिहिलं: "खोड सांग."

"दोन आहेत. सुरू होताना आता तंबोरा वाजत नाही, गपकन सुरू होते. आणि कुलूप जड आहे, त्यामुळे बॅटरी पूर्वीपेक्षा तासभर आधी संपते. तिसरी असली तर मला अजून कळलेली नाही. कळेल त्या दिवशी सांगेन."

तात्यांनी मान हलवली, पट्टी काढली आणि गळ्याला चिकटवली. घसा खाकरल्यासारखं केलं. सवय जाते थोडीच.

"चल," खिसा म्हणाला. "बस जाईल."

वांगरवाडीच्या बाजारात लिंबाखाली पंच बसले होते. भगवान हिप्परकर खोंडाचा कासरा धरून उभा होता. प्रणिता मागे, माणसांच्या गर्दीत. 

"सांग, तात्या," एक पंच म्हणाले. "खोंड मारका हाय का न्हाई?"

"न्हाई. ह्याच्या अंगात एकबी खोड न्हाई. त्या दिवशी बोलला त्यो मी नव्हतो."

हिप्परकर हसला, पण ते हसू कडवट होतं. "आन् आज बोलतोय त्यो तूच कशावरनं? मागल्या वक्तालाबी आवाज तुझाच हुता की."

गर्दीत खसखस पिकली. प्रणिताला आत हजार उत्तरं सुचत होती, किल्ल्या, गणित, धूसर आकडे. त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं.

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. पुढे होऊन हिप्परकरच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. गर्दी पुढे सरकली.

"भगवान, आता टावेलखाली मी तुला जे सांगीन, त्येच खिशातनं सांगीन. एकाच टायमाला. टवाळाला माझा खिसा घावंल, पर तुझ्या हातातला हात घावंल का? बघ. तीन."

हिप्परकरची भुवई हलली.

"येक. पाच. दोन. पुन्हा दोन. चार."

तात्या सांगत गेले. प्रत्येक आकड्याला हिप्परकरचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला, आणि मग त्यावर दुसरंच काही यायला लागलं.  मागे कोपऱ्यात कुणीतरी मोबाइल पुढेमागे करत होतं, पण खिसा तात्यांशिवाय कुणाचंही ऐकत नव्हता.

"बास," हिप्परकर म्हणाला.  "बास, तात्या. तूच हाईस." आणि टॉवेल न काढता त्यानं तात्यांचा हात तसाच धरून ठेवला. "मी तुझी गचांडी धरली."

"धरलीस. खोंड इकायचा का आता?"

खोंड दुपारपर्यंत विकला गेला. तात्या दिवसभर बोलत होते. महिनाभराचं साचलेलं होतं, ते सगळं बाहेर काढलं. चहावाल्याशी बोलले, पंचांशी बोलले, बैलांशीसुद्धा बोलले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तात्या तिच्या शेजारी. बाहेर ज्वारीची काढलेली रानं मागे जात होती.  मग खिसा हळू आवाजात म्हणाला, "पनू, तुला येक सांगायचं ऱ्हायलं. त्या दिशी मी पाटी पुसली ना, तवा मला तुज्यावर..."

आणि आवाज बंद झाला. बॅटरी संपली होती, तासभर आधी.

तात्यांनी खिशाकडे बघितलं, मग तिच्याकडे. खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण तात्या हसत होते, डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. तिलाही हसू आवरेना. कंडक्टर वळून बघायला लागला.

मग तात्यांनी टॉवेल काढला, लेकीच्या हातावर टाकला, आणि खाली तिचा पंजा दोनदा दाबला.